रापलेल्या त्वचेला उजेडाचा उतारा

दंडाची आतली बाजू, काखेच्या जरा खालची, एकदा उजेडात नीट पाहावी आणि तिच्याशेजारी मनगटाची वरची बाजू धरावी. कातडी एकाच माणसाची, वयही एकच. तरी पन्नाशीतल्या शेतकऱ्याच्या हातावर ती दोन वेगळ्या माणसांची वाटते. आतली मऊ आणि एकसारख्या रंगाची, बाहेरची जाड, कोरडी, ठिपक्याठिपक्यांची. बाईच्या हातावर ब्लाउजची बाही जिथे संपते तिथे आणि पुरुषाच्या कपाळावर टोपी जिथे टेकते तिथे तर सरळ रेघच ओढलेली असते. वय दोन्ही बाजूंचे सारखेच झालेले आहे. मधला फरक उन्हाचा.

मोहोळ तालुक्यात हा फरक ठळक दिसतो. तालुका ज्वारीचा आणि उसाचा, गेल्या काही वर्षांत द्राक्ष-डाळिंबाचाही. रब्बी ज्वारीचे प्रसिद्ध मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्याच संशोधन केंद्राची देणगी. ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊसतोड दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये. कामे सगळी उघड्यावरची. त्यात भूगोलाची भर. मोहोळ साधारण १७.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते.

उन्हाची त्वचेवरची धार ओळखण्याची साधी खूण सावलीचीच आहे. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील किरण जोरात आहेत असे समजावे. लंडनमध्ये डिसेंबरातल्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, सावली उंचीच्या पावणेचार पट पडते. मोहोळमध्ये २२ डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही, तो ४९ अंशांच्या आसपास असतो. पाच फुटी बाईची सावली तेव्हाही साडेचार फुटांच्या आत. वर्षातली एकही दुपार या खुणेतून सुटत नाही. थंडीतले ऊन कोवळे, हे म्हणणे सकाळपुरतेच खरे.

या उन्हातले दोन प्रकारचे अतिनील किरण त्वचेला भिडतात. यूव्ही-बी किरण वरच्या थरात अडकतात, तिथल्या पेशींच्या डीएनएला इजा करतात, कातडी भाजतात. यूव्ही-ए किरणांची तरंगलांबी मोठी, ते खालच्या थरापर्यंत पोहोचतात. त्या थरात कोलॅजनचे धागे असतात, त्वचेचा घट्टपणा त्यांच्यावर. यूव्ही-ए पोहोचले की हे धागे कुरतडणारी विकरे वाढतात आणि नवे कोलॅजन बनण्याचा वेग मंदावतो. यूव्ही-ए साध्या काचेतूनही आत येतात. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र छापले गेले होते. २८ वर्षे तो मालाची गाडी चालवत होता. खिडकीकडचा, म्हणजे डावा गाल खोल सुरकुत्यांनी भरलेला, जाड झालेला. उजवा त्यामानाने बराच तरुण. आपल्याकडे सुकाणू उजव्या बाजूला, त्यामुळे पुणे-सोलापूर महामार्गावर रोज गाडी हाकणाऱ्याने आरशात उजवा गाल पाहावा.

गोऱ्या कातडीवर हे नुकसान मुख्यतः सुरकुत्यांच्या रूपाने दिसते. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन भरपूर, ते किरणांचा मोठा भाग शोषून घेते. म्हणून सुरकुत्या उशिरा येतात, त्वचेचा कर्करोगही युरोपीय लोकांच्या मानाने फार कमी. या संरक्षणाची किंमत रंगात मोजावी लागते. गालांवर वांग येतो, कपाळ काळवंडते, डोळ्यांच्या कडेला आणि गालावर बारीक काळे ठिपके उगवतात, हातांची पाठ खरबरीत होते. मोहोळ असो की मुंबई, माणूस त्वचारोगतज्ज्ञाकडे ‘माझ्या सुरकुत्या घालवा’ म्हणून कमी आणि ‘हे डाग घालवा’ म्हणून जास्त जातो. उजेडाच्या उपचारांचा विचार इथूनच सुरू करायला हवा, कारण ही यंत्रे मुळात तयार झाली ती गोऱ्या त्वचेसाठी.

उजेडाने बरे करणे ही कल्पना तशी जुनी. कोडावर बावचीचे बी देऊन रुग्णाला उन्हात बसवण्याची पद्धत आयुर्वेदात आहेच. १९०३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा वापर केल्याबद्दल मिळाले. पण हवा तेवढा, हवा तिथेच पडणारा उजेड हाती आला तो १९६० मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात थिओडोर मैमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढून दाखवला. चारच वर्षांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा लेसर तयार झाला. तो घडवणारे शास्त्रज्ञ सी. के. एन. पटेल यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले होते. आज सोलापूरच्या एखाद्या दवाखान्यात चेहऱ्यावरचे खड्डे भरण्यासाठी ‘सीओ-टू लेसर’ चालवला जातो, तेव्हा त्या यंत्राचे मूळ शेजारच्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाच्या कामात असते, हे करणाऱ्याला आणि करून घेणाऱ्याला क्वचितच ठाऊक असते.

सुरुवातीच्या लेसरांचा दोष असा की ते डागाबरोबर भोवतालचे कातडेही भाजत. मार्ग सापडला १९८३ मध्ये. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या हार्वर्डच्या दोघांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक साधे तत्त्व मांडले. डांबरी रस्ता दुपारी पाय पोळवतो, पण त्याच उन्हातली चुन्याची भिंत तितकी तापत नाही, कारण काळी वस्तू उजेड जास्त पिते. त्वचेतही तसेच. मेलॅनिन एका रंगाचा उजेड पिते, रक्तातले हिमोग्लोबिन दुसऱ्या, पाणी तिसऱ्याच. ज्याला मारायचे त्याला मानवणारा रंग निवडायचा. पण एवढ्याने भागत नाही. तापलेली वस्तू शेजाऱ्यालाही तापवते, तव्याचा दांडा तापतो तसे. म्हणून उजेडाचा झोत इतका आखूड ठेवायचा की उष्णता बाजूला पसरण्याआधीच काम उरकलेले असेल. मेलॅनिनच्या सूक्ष्म कणासाठी ही वेळ सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावी लागते. कण फुटतो, त्याचे तुकडे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी उचलून नेतात.

डागांसाठी वापरला जाणारा क्यू-स्विच्ड एनडी-यॅग लेसर याच तत्त्वावर चालतो. तो १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य किरण देतो आणि त्यापासूनच ५३२ नॅनोमीटरचा हिरवाही मिळतो. आयपीएल म्हटले की सोलापुरात क्रिकेटच आठवणार, पण दवाखान्यातले आयपीएल म्हणजे ‘इन्टेन्स पल्स्ड लाइट’. हा लेसर नव्हे. झेनॉन दिव्याच्या प्रखर झगझगाटातून साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा मिश्र उजेड निघतो, गाळण्या लावून त्यातला नको तो भाग अडवला जातो. एकाच झोतात तपकिरी डाग आणि लालसर रक्तवाहिन्या दोन्हींवर काम होते, म्हणून गोऱ्या, उन्हाने डागाळलेल्या चेहऱ्यांसाठी ते फार लोकप्रिय झाले.

सुरकुत्या आणि खरबरीतपणासाठी लक्ष्य असते पाणी. पटेलांच्या कार्बन डायऑक्साइड लेसरचा १०,६०० नॅनोमीटरचा किरण पाण्यात लगेच शोषला जातो, त्वचेचा पातळ थर वाफ होऊन उडतो आणि खालून नवे कोलॅजन भरत येते. पूर्वी चेहऱ्याचा सगळा वरचा थर असा उतरवत. परिणाम जबरदस्त होता आणि त्रासही. दोन-दोन आठवडे ओली जखम, मग कित्येक महिने लाली. शेतकऱ्याच्या भाषेत ही नांगरट झाली. २००४ मध्ये अँडरसन यांच्याच गटाने टोकणीचा मार्ग काढला. भुईमूग टोकताना ठरावीक अंतरावर खड्डे पडतात आणि मधली जमीन तशीच राहते. ‘फ्रॅक्शनल’ लेसर त्वचेत असेच केसाएवढे बारीक उष्ण स्तंभ पाडतो, मधली कातडी शाबूत ठेवतो. ही शाबूत कातडी बाजूने धावून येऊन जखमा भरते, त्यामुळे बरे व्हायला आठवड्याच्या आसपास पुरतो.

आता सावळ्या त्वचेचा प्रश्न. मेलॅनिनला शोधत निघालेला उजेड डागातले मेलॅनिन आणि डागाभोवतीच्या निरोगी त्वचेतले मेलॅनिन यांत भेद करत नाही. गोऱ्या गालावर तपकिरी डाग म्हणजे पांढऱ्या भिंतीवरचा काळा ठिपका. रापलेल्या गालावर सगळी भिंतच काळी. उजेड वरच्या थरातच अडकतो, तिथे उष्णता साठते, फोड येतात. फोड बरे झाले तरी त्या जागी डाग उरतो, आधीच्यापेक्षा गडद. सावळ्या त्वचेचा हा स्वभावच आहे. मुरूम फुटो, डास चावो वा लेसरने भाजो, दाह झाला की ती रंग ओतते. हार्वर्डचेच थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून प्रकार पाडले. पुढे ते सहा झाले. आपल्याकडची बहुतेक माणसे चौथ्या आणि पाचव्या प्रकारात मोडतात. चौथ्या प्रकारावर आयपीएल जपून चालवता येते, पाचव्यावर तज्ज्ञ शक्यतो ते टाळतात आणि मेलॅनिनकडून कमी शोषला जाणारा १०६४ नॅनोमीटरचा लेसर पसंत करतात. ऊर्जा कमी, बैठका जास्त, मधले अंतर मोठे, आणि त्वचा सतत थंड ठेवायची.

वांगाच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. वांग हा नुसता साचलेला रंग नाही. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्याचा कल अशा अनेक कारणांनी रंग तयार करणाऱ्या पेशी चिडलेल्या असतात. लेसर रंग फोडतो, पेशींचा चिडखोरपणा जात नाही. त्यामुळे चार-सहा बैठकांनंतर चेहरा निवळतो, फोटो छान येतात आणि काही महिन्यांत वांग परततो, कधी आधीपेक्षा दाट. ‘लेसर टोनिंग’ नावाने कमी ऊर्जेच्या बैठका वारंवार घेतल्या तर उलटाही अपाय होतो. गालावर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके उमटतात आणि ते घालवणे वांगापेक्षा अवघड असते. म्हणूनच वांगावर पहिला उपाय मलमाचा आणि उन्हापासून बचावाचा. लेसरचा क्रमांक त्यानंतरचा, तोही निवडक रुग्णांत.

मलमाचेही एक दुखणे आहे, आणि तालुक्याच्या गावांत ते लेसरच्या अपायापेक्षा कितीतरी पसरलेले. वांगावर एक तिहेरी मलम दिले जाते. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असते. तज्ज्ञ ते काही आठवड्यांपुरते लिहून देतात. पण चेहरा लवकर उजळतो म्हणून तीच नळी शेजारणीकडून शेजारणीकडे जाते, वर्षानुवर्षे लावली जाते. मग कातडी पातळ होते, लाल जाळे दिसू लागते, पुरळ येते, हनुवटीवर केस वाढतात. मलम थांबवले की चेहरा भडकतो, म्हणून ते थांबवताही येत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. तरी ती काउंटरवरून मिळतातच. अशा पातळ झालेल्या कातडीवर कुणी लेसर चालवला तर काय होईल, हे सांगायला नको. तज्ज्ञाने ‘आधी काय लावत होता?’ असे विचारले की नळीचे नाव लपवू नये. रिकामी नळी सोबत नेली तर उत्तमच.

शिवाय उन्हाने काळवंडलेला दिसणारा प्रत्येक चेहरा उन्हाचाच असतो असे नाही. बांधावरचे गाजर गवत, ज्याला गावोगावी काँग्रेस गवत म्हणतात, ते १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात आढळले आणि नंतर देशभर पसरले. त्याचे कण हवेतून त्वचेवर बसतात. ज्याला त्याची अॅलर्जी आहे त्याचा चेहरा, मान, कोपराची खोबण खाजून जाड आणि काळी पडते, आणि पुढे पुढे नुसते ऊनही सोसवत नाही. पाहणारा म्हणतो, ‘उन्हाने रापलाय.’ यावर उजेडाचा उपचार म्हणजे आगीत तेल. ओळखण्याची एक ढोबळ खूण आहे. उन्हाचे डाग पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालची सावली सोडतात. गाजर गवताची अॅलर्जी बहुधा त्यांनाही सोडत नाही. नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेला लालसर चट्टा, सोबत सांधेदुखी आणि ताप, हे ल्युपस या वेगळ्याच आजाराचे लक्षण असू शकते. आणि महिनोन्महिने न भरणारा व्रण, खालच्या ओठावरची टणक खपली, तळपायावर किंवा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग यांना लेसर लावण्याआधी तुकडा तपासायला पाठवणे भाग आहे. भारतीयांत त्वचेचा कर्करोग कमी असला तरी शून्य नाही. तीळ म्हणून जाळलेल्या गाठीचा पुरावा नंतर उरत नाही.

उजेडाच्या उपचारांत सर्वांत निरुपद्रवी म्हणून एलईडीचे नाव घेतले जाते. लाल आणि त्यापलीकडचा अवरक्त उजेड पेशींतल्या ऊर्जाकेंद्रांना चालना देतो, असे मानले जाते. १९६७ मध्ये बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांना मंद लेसरखाली उंदरांचे केस लवकर वाढताना दिसले, तिथपासून हा विषय चालत आला आहे. त्यात त्वचा जळत नाही. सुरकुत्या थोड्या मऊ झाल्याचे छोट्या अभ्यासांत आढळते, पण डागांवर भरवसा ठेवावा असे काही हाती नाही. ऑनलाइन मिळणारे लाल मुखवटे घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे. उलट सावळ्या त्वचेत दिसणारा उजेडही रंग वाढवतो, हे २०१० च्या सुमारास प्रयोगांतून पुढे आले. नुसत्या अतिनील किरणांपासून बचाव केला तरी वांग हटत नाही, त्यामागचे हे एक कारण. म्हणून वांग असलेल्यांना तज्ज्ञ आयर्न ऑक्साइड असलेले, कातडीच्या रंगाचे सनस्क्रीन सुचवतात.

मोहोळहून उपचारासाठी सोलापूर गाठायचे म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटर, एसटीने सहज होण्यासारखे. अडचण अंतराची नाहीच. ती आहे उन्हाची. लेसरआधी निदान चार आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस त्वचा उन्हापासून जपावी लागते. ताजी रापलेली कातडी पाहून जाणता डॉक्टर बैठक पुढे ढकलतो. अशा चार ते सहा बैठका, दर वेळी तीन-चार आठवड्यांचे अंतर. ज्या बाईला दुसऱ्या दिवशी खुरपायला जायचे आहे, तिने या उपचारावर कर्ज काढून पैसे घालू नयेत, हे कुणीतरी तिला स्पष्ट सांगायला हवे. नोकरदार, दुकानदार, शेत सोडून शहरात स्थिरावलेला मुलगा, यांचे गणित वेगळे. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि हळदीच्या आठवडाभर आधी ‘लेसर करून द्या’ म्हणणारे नवरा-नवरीही येतात. त्यांच्यासाठी ही सर्वांत वाईट वेळ. काही काळे-निळे झालेच तर ते अल्बममध्ये कायमचे राहते.

जायचेच तर कुणाकडे, हा प्रश्न यंत्राच्या कंपनीपेक्षा महत्त्वाचा. त्वचारोगतज्ज्ञाच्या पाटीवर एमडी किंवा डिप्लोमा त्वचारोगशास्त्रातला असतो आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारण्यात संकोच नको. ब्यूटी पार्लरमधल्या ‘फोटोफेशियल’मागे असा क्रमांक नसेल तर तिथून उठावे. चांगला तज्ज्ञ पहिल्याच दिवशी पूर्ण चेहऱ्यावर यंत्र चालवत नाही. कानासमोर किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर चाचणी घेतो, काही आठवडे थांबतो, रंग कसा वळतो ते पाहतो. डोळ्यांवर झाकण लावतो, कारण १०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, पण डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. आणि ‘गोरे करतो’ असे म्हणत नाही. दंडाच्या आतल्या बाजूचा रंग हा प्रत्येकाचा जन्माचा रंग, कोणताही लेसर चेहऱ्याला त्यापलीकडे नेऊ शकत नाही. मुळात लेसर हवा की नको, एवढे तरी विचारायला सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

स्वस्त उपायाच्या बाजूचा पुरावा महागड्यापेक्षा भक्कम आहे, ही यातली गंमत. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले. ती माणसे गोरी होती, हे खरे. पण कोलॅजन कुरतडणारे यूव्ही-ए किरण रंग पाहून थांबत नाहीत. सनस्क्रीन दोन बोटांवर दोन रेघा येतील एवढे, चेहरा आणि मानेसाठी, आणि दर दोन तासांनी पुन्हा. घाम गाळणाऱ्याला हे जमणे कठीण आणि परवडणे त्याहून कठीण.

तिथे कापड जिंकते. पण कोणते कापड? मोहोळच्या रस्त्यावर दुचाकीवरून जाणाऱ्या मुली स्कार्फ घट्ट गुंडाळतात, शेतातल्या बाया पदरावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. हा शर्ट लाखमोलाचा आहे. पूर्ण बाहीचा, घट्ट विणीचा, शक्यतो गडद रंगाचा सुती कपडा अतिनील किरण चांगले अडवतो. विरळ विणीची पांढरी ओढणी उजेडात धरली आणि आरपार दिसले तर किरणही आरपार जातात. घामाने भिजलेले सुती कापड कोरड्यापेक्षा जास्त किरण आत सोडते, म्हणून दुपारच्या न्याहारीला फडके बदलावे. टोपी कपाळाला वाचवते, गालांना नाही. काठ असलेली टोपी किंवा डोक्यावरून पुढे ओढलेला पदर गालांवर सावली पाडतो. आणि घरोघरी खुंटीला पावसाळ्याची वाट पाहत टांगलेली काळी छत्री मोजून पाहिली तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त अतिनील किरण अडवताना आढळली आहे. बांधावर जेवायला बसताना, एसटीची वाट पाहताना, बाजारात भाजी विकायला बसताना तिला मार्च-एप्रिलमध्येच बाहेर काढायला हरकत नाही.